मागून येणाऱ्यांसाठी

फौजी माणूस गेला की लोक दोनच गोष्टी विचारतात. कोणत्या लढाईत होते आणि पदक मिळालं होतं का? गेल्या हिवाळ्यात आमचे दादा अल्लाहला प्यारे झाले. पुरशासाठी आलेल्या बहुतेकांनी हेच विचारलं. लढाया आम्ही सांगितल्या, 1965 ची आणि 1971 ची. पदकाचं विचारल्यावर दादी म्हणायची, "होती दोन-चार, ट्रंकेत असतील." मग विषय संपायचा. पण दादांचं खरं काम त्या दोन प्रश्नांच्या उत्तरात येत नाही. ते सांगावं म्हणून या महिन्याचं सदर त्यांच्यावर लिहिते आहे.

दादा म्हणजे आजोबा, हे तुमच्या-माझ्या घरात सांगावं लागत नाही. शाळेत मात्र सांगावं लागलं. "माझे दादा गेले," असं मी वर्गात म्हणाले तेव्हा मुलांना माझा थोरला भाऊ वाटला. नव्वदीला काही महिने कमी असलेला माणूस होता, असं सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "मग एवढं रडायचं काय, बाई?" तिच्या प्रश्नाचं उत्तरही या लेखात आहे असं समजा.

त्यांचा जन्म 1935 चा, कराड तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावातला. शिक्षण मराठी शाळेत सातवी फायनलपर्यंत. घरात बोली दखनी, लिहिणं-वाचणं मराठी. आमच्या भागात दर दोन-चार घरांमागे एक माणूस फौजेत असायचा, त्यात नवल नव्हतं. 1954 मध्ये दादा भरती झाले आणि खडकीला गेले. खडकी म्हणजे बॉम्बे सॅपर्सचं ठाणं. सॅपर म्हणजे इंजिनियर दलाचा जवान. बंदूक त्यालाही चालवावी लागते, पण त्याचं मुख्य काम वेगळं असतं. रस्ता नसेल तिथे रस्ता करायचा, नदीवर पूल टाकायचा, शत्रूने पेरलेले सुरुंग काढायचे. बाकी फौज त्यानंतर पुढे सरकते. इंजिनियर दलाचं ब्रीद एकाच शब्दाचं आहे, 'सर्वत्र'. दादांना ते फार आवडायचं. "जिथं कुणी नाही, तिथं आम्ही आधी," एवढाच अर्थ ते सांगायचे.

लहानपणी आम्हाला युद्धाच्या गोष्टी हव्या असायच्या आणि दादा सांगायचे बेली पुलाच्या. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली नावाच्या इंग्रज इंजिनियरने तो काढला. लोखंडी चौकटी एकमेकींना खिळ्यांनी जोडत जायचं आणि पूल पुढे ढकलत न्यायचा. एक चौकट दहा फूट लांब, पाच फूट उंच आणि वजनाला सुमारे 260 किलो. क्रेन लागत नाही, सहा माणसं ती उचलतात. दादा सांगायचे, "सहांपैकी एकाने जरी कुचराई केली ना, तर बाकीच्या पाचांची कंबर जाते." त्यांच्या तुकडीतली ती सहा माणसं कोण होती, तेही सांगायचे. दोन शीख, तीन मराठे आणि ते. चौकट उचलताना नावं नसत, फक्त आकडे असत.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला, हे तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल. त्याच्या आदल्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते. दादा त्यांच्यात होते. धरण वाचलं नाही. पण ते रात्रीऐवजी दिवसा फुटलं, आणि लोकांना पळायला उजेड मिळाला. दादा या रात्रीबद्दल एकच वाक्य बोलत, "पोती कमी पडली, पण वेळ मिळाला." आयुष्यात त्यांनी जिंकलेल्या गोष्टींपेक्षा अशा मिळवून दिलेल्या वेळेचं त्यांना जास्त समाधान होतं.

सुरुंगांचं मात्र ते सहसा बोलत नसत. 1971 च्या डिसेंबरात ते शकरगडच्या भागात होते. तिथे रणगाडे पुढे जायच्या आधी सुरुंगांच्या पट्ट्यांतून वाट काढावी लागायची. मी बी.एड.ला असताना एकदा हट्टाने विचारलं, तेव्हा त्यांनी अंगणात पालथं झोपून दाखवलं. वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं. हातात छत्रीची काडी. ती त्यांनी मातीत तिरकी खुपसली. "उभी नाही घालायची. उभी घातली तर टोक सुरुंगाच्या डोक्यावर बसतं. तिरकी घातली तर कुशीला लागतं." बोटभर पुढे सरकायचं, पुन्हा काडी घालायची. सापडला की खूण करायची. वाट मोकळी झाली की तिच्या दोन्ही कडांना पांढरी फीत अंथरायची, म्हणजे मागून येणाऱ्याला अंधारातही कळावं की या दोन फितींच्या मध्ये पाय ठेवायचा.

मी विचारलं, "मागून कोण यायचं?"

"काय माहीत? आम्ही तर जमिनीकडे बघत असायचो."

त्या कामात त्यांच्या तुकडीतली दोन माणसं गेली आणि दादांचा डावा कान कायमचा बधिर झाला. त्या दोघांची नावं ते दर शुक्रवारी दुआत घ्यायचे. त्यातलं एक नाव शीख होतं. लहानपणी मी दादीला विचारलं होतं की हे कसं काय? दादी म्हणाली, "तुझ्या दादांना विचार, मी इतकी वर्षं ऐकतेय." विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे मोठं झाल्यावर कळलं.

गावोगावच्या शाळा त्यांना 26 जानेवारीला बोलवायच्या. एका शाळेत प्रास्ताविक करणाऱ्याने त्यांची ओळख 'देशभक्त मुस्लिम जवान' अशी करून दिली आणि पुढे पाच मिनिटं अब्दुल हमीद यांच्याबद्दल सांगितलं. अब्दुल हमीद यांच्याबद्दल दादांना अपार आदर होता. 10 सप्टेंबर 1965 ला खेमकरणजवळ जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडताना ते शहीद झाले, हे आम्हा नातवंडांना अक्षरओळखीच्या आधी पाठ होतं. पण दादा उठले आणि म्हणाले, "मी हवालदार, बॉम्बे सॅपर्स. तेवढं पुरे आहे." मग त्यांनी मुलांना गोष्ट सांगितली ती रामा राघोबा राणे यांची. कारवारकडचे राणे बॉम्बे इंजिनियर्सचे. 8 ते 11 एप्रिल 1948 या चार दिवसांत, स्वतः जखमी असताना, नौशेरा ते राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी काढले, तेव्हा कुठे रणगाडे राजौरीला पोचले. परमवीरचक्र मिळालं आणि ते घ्यायला ते हयात होते. "माझ्या दलाचा माणूस," असं म्हणून दादा खाली बसले. घरी येताना ते रागावलेले नव्हते. एवढंच म्हणाले, "ओळख कामाची द्यावी. बाकीची ओळख कबरीत विचारतीलच."

1976 ला 22 वर्षांची नोकरी करून ते गावी आले. साठलेल्या पैशांतून नदीच्या वरच्या अंगाला तीन एकर जमीन घेतली होती. हळद आणि ऊस. सकाळी फजरनंतर शेतावर, असरला परत. आम्हाला कधी मारलं नाही, पण चप्पल उंबऱ्यावर वाकडी पडलेली त्यांना चालत नसे. "देखके पाँव रख," हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडायचं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगते आहे, तिच्याकडे येते.

1994 मध्ये माझे अब्बा अपघातात गेले. दादांचा तो थोरला मुलगा. मी बारा वर्षांची होते, धाकटा भाऊ आठ वर्षांचा. दफनानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जमलेल्या नातलगांपैकी एकजण अम्मीच्या देखत बोलून गेले, "बापाच्या आधी मुलगा गेला. म्हणजे आता ही पोरं महजूब झाली." महजूब म्हणजे वारशातून बाहेर पडलेला. बोलणं कठोर होतं, पण नियम म्हणून खोटं नव्हतं. आपल्याकडे लागू असलेल्या शरई वारसा-कायद्यात जवळचा वारस दूरच्याला अडवतो. आजोबांचा दुसरा मुलगा हयात असेल, तर आधीच वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या मालमत्तेत वारस म्हणून हिस्सा येत नाही. माझे दोन चाचा होते आणि एक फुफी. म्हणजे ज्या घरात आम्ही जन्मलो, त्या घरात दादांच्या पश्चात आमचं काही राहणार नव्हतं.

या प्रश्नावर काही देशांनी कायदे केले. इजिप्तने 1946 मध्ये अशा नातवंडांसाठी सक्तीच्या वसीयतीची तरतूद केली. पाकिस्तानने 1961 मध्ये नातवंडांना मेलेल्या बापाच्या जागी उभं केलं. भारतात अशी तरतूद नाही. इथे यतीम नातवंडांची सोय आजोबांनी हयातीतच करायची असते. एक तर हिबा म्हणजे बक्षीस द्यायचं, नाहीतर वसीयत करायची. केली नाही, तर नंतर कुणाच्या हातात काही उरत नाही. उरते ती चाचांची मर्जी.

दादांनी त्या नातलगाला उत्तर दिलं नाही. कित्येक दिवस ते कुणाशीच फार बोलले नाहीत. मग एक दिवस कराडला गेले आणि एका आलिमसाहेबांना भेटून आले. त्यांनी समजावलं ते असं. कफन-दफनाचा खर्च आधी, मग कर्ज, मग वसीयत आणि उरेल त्यात वारसांचे हिस्से. वसीयत मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच करता येते. ती वारसासाठी करता येत नाही, कारण त्याचा हिस्सा ठरलेलाच आहे. पण नातवंडं इथे वारस नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी करता येते. सूरह बकरामध्ये जवळच्या नातलगांसाठी वसीयतीचा हुकूम आहे. आणि ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगं काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत, अशा आशयाची हदीस आहे. दादा परत आले ते म्हणाले, "दोन रात्री म्हणतात. मी तर इतके दिवस घालवले."

1995 च्या रमजान ईदला सगळे घरी होते. जेवणं झाल्यावर दादांनी माझी पाटी मागितली आणि सगळ्यांसमोर हिशेब मांडला. तीन एकर म्हणजे 120 गुंठे. त्यातला तिसरा हिस्सा, 40 गुंठे, वसीयतीने नातवंडांना. राहिले 80. मुलं असलेल्या बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे दादीला 10 गुंठे. राहिले 70. मुलाला दोन, मुलीला एक या हिशेबाने दोन्ही चाचांना 28-28 आणि फुफीला 14. बेरीज बरोबर आली. मग त्यांनी आमच्या 40 गुंठ्यांखाली रेघ ओढली आणि लिहिलं, 20 आणि 20. चाचा म्हणाले, "मुलीला निम्मं ना?" दादा म्हणाले, "ते वारशात. वसीयतीत किती द्यायचं ते देणाऱ्याच्या हाती असतं. दोघांचा बाप सारखाच गेलाय."

चाचांना राग आला नाही असं म्हणणं खोटं होईल. धाकटे चाचा दोन महिने शेताकडे फिरकले नाहीत. दादांनी त्यांची मनधरणी केली नाही आणि कागद बदललाही नाही. वसीयत तोंडीही चालते, पण त्यांनी ती लिहिली, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवली. चाचांना त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. "बहिणीकडून हक्कसोडपत्र मागायचं नाही. तिने स्वतःहून दिलं तरी वर्षभर घ्यायचं नाही." आपल्याकडे कितीतरी घरांत बहिणीला साडी-चोळी करून, जेवू घालून सही घेतली जाते आणि त्याला तिचा मोठेपणा म्हटलं जातं. दादांना ही चाल माहीत होती. त्यांच्या स्वतःच्या बहिणीचा हिस्सा त्यांनी फौजेतून आल्यावर तिला पैशांत चुकता केला होता.

दादा गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा सगळं वर वरच होतं. एका फाईलीत फौजेचं सुटकापत्र, पेन्शनचा आदेश, वसीयतीची नोंदवलेली प्रत, सातबारा. वर एक वही. वहीत कर्जाचं पान होतं. सोसायटीचं कर्ज शून्य. चुलतभावाचे 1,500 रुपये देणं, ते कफनाच्या पैशांबरोबर वेगळ्या पाकिटात ठेवलेले. आणि पहिल्याच ओळीत, '1957 ची रजा. मेहेर 125 रुपये, बीबीला दिले.' किती बायकांचा मेहेर नवऱ्याच्या मय्यतीपाशी माफ करून घेतला जातो! न दिलेला मेहेर हे कर्जच असतं, हे दादांना ठाऊक होतं. लग्नानंतर दोन वर्षांत ते त्यातून मोकळे झाले होते.

दादीच्या पेन्शनचंही तसंच. जवान वारल्यावर त्याच्या बायकोला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं, पण लष्कराच्या नोंदीतलं नाव आणि तिच्या आधारकार्डावरचं नाव एक हवं. आपल्या बायकांच्या नावांची गंमत तुम्हाला माहीत आहे. एका कागदावर नावाला 'बी' जोडलेलं असतं, दुसऱ्यावर नसतं, तिसऱ्यावर माहेरचं आडनाव असतं. आमच्या गावातल्या एका फौजीच्या विधवेला या एका 'बी'पायी वर्षाहून अधिक हेलपाटे घालावे लागले. ते पाहिल्यावर दादांनी वयाच्या 78 व्या वर्षी दादीला घेऊन प्रतिज्ञापत्र केलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज दिला, खडकीच्या अभिलेख कार्यालयाला दोनदा जाऊन आले आणि नाव दुरुस्त करून घेतलं. बँकेतलं खातं दोघांच्या नावे केलं. दादी तेव्हा कुरकुरत होती, "मरायच्या आधी मला ऑफिसं दाखवताय." मृत्यूचा दाखला दिल्यावर तिचं पेन्शन अडलं नाही.

मय्यतीला माजी सैनिकांच्या तालुका संघटनेचे सात-आठ वृद्ध आले होते. पुष्पचक्र कुठे ठेवायचं हे त्यांना कळेना. चाचांनी अंगणात जागा करून दिली. ते ओळीत उभे राहिले, सलाम केला आणि जनाजाबरोबर कब्रस्तानापर्यंत चालत गेले. त्यांच्यातल्या एकाने भावाला विचारलं, "माती आम्ही टाकली तर चालेल का?" भाऊ म्हणाला, "तीन-तीन मुठी टाका." त्यांनी टाकल्या. त्यातल्या एकाने सांगितलं की शकरगडला तो रणगाड्यांमागून चालणाऱ्या पायदळात होता. दादांची आणि त्याची तिथे भेट झाली नव्हती, ओळख पेन्शनच्या रांगेत झाली. "पण त्या पांढऱ्या फितीच्या मधून मी गेलोय," तो म्हणाला. "ती कुणी टाकली होती कोण जाणे."

वाचकहो, दुःख सगळ्यांच्या घरी येतं. माणूस कितीही वयाचा असो, घर रिकामं होतंच. त्या रिकाम्या घरात भांडण आणि फरफट येऊ नये, एवढं मात्र आपल्या हातात आहे. तुमच्या घरात आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं असतील, तर आजोबांशी आणि आजीशी आज बोला. आलिमांना विचारा, वकिलांना विचारा, तिसऱ्या हिश्श्याच्या आत काय करता येतं ते बघा. मेहेर राहिला असेल तर द्या. कर्जाचं पान लिहा. घरातल्या बाईचं नाव आधार, बँक, पेन्शन, सातबारा या सगळ्यांवर एकसारखं आहे का ते एकदा सगळे कागद समोर मांडून पाहा. हा विषय काढला म्हणून कुणाचं आयुष्य कमी होत नाही. दादा वसीयत नोंदवून पुढे जवळपास 30 वर्षं जगले.

फेरफाराच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे गेले ते धाकटे चाचा, जे कधीकाळी दोन महिने शेताकडे फिरकले नव्हते. सहा नावं त्यांनीच क्रमाने सांगितली. फुफीचं नाव सांगताना तलाठ्याने सवयीने विचारलं, "हक्कसोड करताय ना?" चाचा म्हणाले, "नाही. आमच्यात तशी पद्धत नाही."

त्या वर्गातल्या मुलीला मला सांगायचंय की नव्वदीच्या माणसासाठीही एवढं रडायचं असतं. त्यांच्यामुळे आम्हाला अनाथ म्हणून जगावं लागलं नाही. अल्लाहतआला त्यांची मगफिरत करो आणि ज्या घरांत अशी नातवंडं आहेत, तिथल्या वडीलधाऱ्यांना वेळेवर लेखणी हाती घ्यायची बुद्धी देवो. आमीन.